खंड आणि नेम : पाऊस, प्रपंच आणि लांब पल्ल्याची धाव

या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी यंदा मी काही लिहावे, अशी सूचना संस्थेच्या कार्यवाहांनी केली, तेव्हा माझ्याकडून संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीच्या बोलींवर काही अपेक्षित असावे, असे मी गृहीत धरले होते. आयुष्यभर ज्याने मराठी शिकवली त्याच्याकडे दुसरे काय मागायचे? परंतु हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ होते ते आमचे सर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. त्यांचे ऋण मान्य करायचे तर विषयही त्यांच्याच अंगणातला हवा, असे मला वाटले. म्हणून लांब पल्ल्याच्या धावण्याविषयी, आणि विशेषतः पावसापाण्यात व संसाराच्या धबडग्यात त्याचा सराव कसा बसवावा याविषयी, चार गोष्टी मांडण्याचे योजिले आहे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी आता फक्त चालतो. पण जे सांगणार आहे ते पुस्तकी नाही, एवढे आधीच नमूद करतो.

माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना शाळेचा लांब व्हरांडा आठवत असेल. मृग लागला की मैदानाचा चिखल होई आणि सर खडूने व्हरांड्याच्या दोन टोकांना रेघा मारून आम्हाला तेथेच पळवीत. आषाढात आसपासच्या खेड्यांतील मुले आठ-आठ, दहा-दहा दिवस गैरहजर राहात. घरी भाताची लावणी चाललेली असे. ती मुले परत आली की इतर शिक्षक कारणे विचारीत, राहिलेला अभ्यास दुप्पट करून घेत. सर एवढेच म्हणत, ‘‘आलास ना? मग लाग रांगेला.’’ बुडालेल्या फेऱ्या त्यांनी कधी कोणाकडून वसूल केल्या नाहीत. त्या वेळी तो आम्हाला केवळ त्यांचा भोळेपणा वाटे. त्यात काय शास्त्र होते ते समजायला मला पुढे चाळीस वर्षे लागली, आणि एक हाड मोडावे लागले.

एका भाषाशास्त्रज्ञाची कल्पना

मॅरेथॉन या शर्यतीचा जन्म एका भाषाशास्त्रज्ञाच्या डोक्यात झाला, हे सांगताना माझ्यासारख्याला थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. मिशेल ब्रेआल हे फ्रेंच पंडित अर्थविज्ञान या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक. ‘सेमांतिक’ ही संज्ञा त्यांनीच १८८३ साली रूढ केली. अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरवण्याचे ठरले तेव्हा मॅरेथॉनच्या रणभूमीपासून अथेन्सपर्यंत धावण्याची शर्यत असावी, असे त्यांनी सुचवले आणि विजेत्यासाठी चांदीचा चषकही देऊ केला. मॅरेथॉनच्या विजयाची वार्ता घेऊन धावत आलेला व ती सांगताच कोसळलेला दूत ही कथा उत्तरकालीन लेखकांची आहे. युद्धाला जवळचा असलेला इतिहासकार हेरोडोटस सांगतो ती धाव निराळी; ती अथेन्सहून स्पार्टाला मदत मागण्यासाठी गेलेल्या दूताची. एका पंडिताला भावलेल्या आख्यायिकेतून शर्यत निर्माण झाली, आणि १८९६ च्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा धावली गेली.

ती जिंकणारा स्पिरिदोन लुईस हा अथेन्सजवळच्या मारूसी गावचा. तो वडिलांबरोबर गावातून शहरात पाणी पोचवण्याचे काम करीत असे, असे सांगतात. सुमारे ४० किलोमीटरचे अंतर त्याने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत काटले. सरावासाठी त्याला वेगळा वेळ काढावा लागला नसावा. त्याच्या पायांचा सराव त्याच्या पोटापाण्याच्या कामातच चाललेला होता. ४२.१९५ किलोमीटर हे आजचे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये ते कायमचे ठरवण्यात आले.

या शर्यतीशी आपल्या बेळगावचे नाते जुने आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतातून जो लहानसा संघ गेला त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी शेतकरी मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने हा संघ गेला. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्यापेक्षाही लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. आपल्या गावातल्या मुलांना हे नाव ठाऊक असले पाहिजे.

बेचाळीस किलोमीटर काय मागतात

सरावाची आखणी कळण्यासाठी शरीराचा हिशेब थोडा समजून घ्यावा लागतो. आपल्या स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साखर साठवलेली असते. तिच्यातून साधारण २००० कॅलरी मिळू शकतात. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला सुमारे ६० कॅलरी लागतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजार. ३० ते ३२ किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय एकाएकी शिशाचे होतात, त्याचे कारण या वजाबाकीत आहे. शरीरातील चरबीचा साठा मात्र विपुल असतो. साखर ही खिशातली रोकड आणि चरबी ही गावाकडची जमीन असे समजावे. जमिनीवर पैसे उभे करता येतात, पण सावकाश. संथ गतीने दीर्घकाळ धावण्याचा सराव केला की शरीर आरंभापासूनच चरबी वापरायला शिकते आणि रोकड पुरवून खर्च करते. म्हणून आठवड्यातील एक लांब, संथ धाव हा या सरावाचा कणा होय.

सर्वसाधारणपणे १६ ते २० आठवड्यांची तयारी लागते. मात्र तीही ज्याला तासभर अखंड सावकाश धावता येते त्याच्यासाठी, आणि चाळिशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा, हे गृहीत धरून. लांब धाव १० ते १२ किलोमीटरपासून वाढवीत ३० पर्यंत न्यावी, दर चौथ्या आठवड्यात ती मुद्दाम कमी करावी, आणि शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे उतरणीचे ठेवावेत. लांब धावेच्या जोडीला आठवड्यात एक किंचित जलद आणि एक सहज, अशा पाऊण-पाऊण तासाच्या दोन धावा असल्या म्हणजे गाडा चालतो. या तीन दिवसांना मी ‘सोवळ्यातले दिवस’ म्हणे. उरलेल्या दिवशी धावणे झाले तर उत्तम, न झाले तर त्याची रुखरुख नको.

थकबाकीचा घोटाळा

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. पुढच्या वर्षीच्या शर्यतीत धावायचे असे मी ठरवले तेव्हा पंचावन्नाव्या वर्षात होतो. शर्यत जानेवारीच्या मध्याला. म्हणजे तयारीचा आरंभ सप्टेंबरच्या मध्याला. तक्ता आखून मी भिंतीवर लावला. प्राध्यापकी शिस्तीने रोजच्या किलोमीटरांची चौकट भरू लागलो. पाचव्या आठवड्यात पावसाने आणि विद्यापीठाच्या पेपरांच्या गठ्ठ्यांनी मिळून माझे आठ दिवस खाल्ले. तक्त्यावर आठ रिकाम्या चौकटी दिसू लागल्या आणि मी बेचैन झालो. दहावीतला मुलगा नापास विषयाचा अभ्यास करतो त्या त्वेषाने पुढच्या दहा दिवसांत मी जुने आणि नवे असे दोन्ही हिशेब चुकते करायला निघालो. नडगीत बारीक कळ येत होती; तिच्याकडे दुर्लक्ष केले. अकराव्या दिवशी पाऊल टेकवेना. नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे निदान झाले. त्या वर्षीची शर्यत मी घरी कोचावर पाय वर घेऊन दूरचित्रवाणीवर पाहिली.

चूक कोठे झाली होती? हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या श्रमाला सरावतात. हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. शिवाय हाडावर नवा भार पडला की शरीर आधी तेथील जुना भाग काढून टाकते आणि मग नवा, अधिक मजबूत भाग घालते. मधल्या काळात ती जागा काही दिवस कच्ची असते, जशी दुरुस्तीसाठी विटा उपसलेली भिंत. नेमक्या त्याच दिवसांत दुप्पट भार टाकला तर ती ढासळणारच. बुडालेली धाव ही सावकाराची थकबाकी आहे आणि ती व्याजासह फेडली पाहिजे, ही माझी समजूत होती. प्रत्यक्षात तसे कर्ज शरीराच्या वहीत नोंदलेलेच नसते. गेलेला दिवस गेला. तक्ता जेथे आज आहे तेथूनच पुढे जायचे. व्हरांड्यात सर जे करीत होते ते हेच.

पावसाशी करार

आपले गाव सह्याद्रीच्या पाठीशी, सुमारे २५०० फूट उंचीवर. उन्हाळा सुसह्य, हिवाळा धावण्याला अनुकूल, पण पावसाळा दीर्घ. ‘पाऊस आहे’ हे एकच कारण देऊन चार महिने घरी बसता येते. परंतु सगळा पाऊस सारखा नसतो, हे आपल्या शेतकऱ्याला नक्षत्रांवरून ठाऊक असते. धावणाऱ्यानेही ते शिकून घ्यावे.

आषाढ-श्रावणातील झडीचा पाऊस बहुधा विजेविना पडतो. तो ओला करतो, इजा करीत नाही. त्यात धावायला हरकत नाही. पुढे झाप असलेली टोपी घालावी म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. रेनकोट मात्र टाळावा. आतल्या आत घाम कोंडून अंग तापते. सुती बनियन भिजून जड होते व अंगाला घासते, तेव्हा लवकर वाळणारे कापड बरे. काखा, जांघा आणि पायाच्या बोटांमध्ये खोबरेल तेल वा व्हॅसलीन चोळावे, कारण भिजलेली त्वचा मऊ होते आणि मऊ त्वचेला फोड लवकर येतात. बूट घरी आल्यावर रद्दी कोंबून सावलीत ठेवले की दुसऱ्या दिवशी घालण्याजोगे होतात. चुलीजवळ ठेवू नयेत, चिकटवलेले तळ सुटतात. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि शेवाळ यांवर पाय घसरतो. साचलेल्या पाण्यात खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, आणि उंदीर-घुशींच्या मूत्रामुळे दूषित झालेल्या अशा पाण्यातून, पायाला जखम असल्यास, लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून पावसात धावावे, डबक्यात धावू नये. परतल्यावर गप्पा मारीत न थांबता आधी कोरडे कपडे घालावेत; धावणे थांबले की ओले अंग फार लवकर थंड होते.

वळवाचा आणि हस्त-चित्रा नक्षत्रांतील परतीचा पाऊस यांची जात वेगळी. दिवसभर जमीन तापते, उष्ण दमट हवा उंच चढते आणि दुपारनंतर मेघ गर्जू लागतात. येथे धोका पाण्याचा नाही, विजेचा आहे. तेव्हा या दिवसांत धाव पहाटेच उरकावी. तेव्हा आकाश बहुधा निवळलेले असते. वाटेत गाठलेच तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. ध्वनी साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. तीसच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली तर मुळीच उभे राहू नये. या बाबतीत धाडसाला मान नाही.

पाऊस सरला की ऑक्टोबरची काहिली येते. घाम सुटल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. हवा दमट असली की घाम नुसता निथळतो आणि शरीर तापत राहते. अशा वेळी घड्याळ पाहून धावणे हा वेडेपणा होय. सोबत्याशी दोन वाक्ये न धापता बोलता येतील इतकीच गती ठेवावी. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत लागते : रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. तहानेप्रमाणे लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी प्यावे. पण तहान नसताना तांब्यावर तांब्या रिचवणेही घातक, कारण त्यामुळे रक्तातील मिठाचे प्रमाण खाली जाते. धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतावे आणि त्वरित रुग्णालयात पोचवावे.

आणि बाहेर पडणे खरोखर अशक्य असेल त्या दिवशी? घर आहे, जिना आहे, दोरीच्या उड्या आहेत, सूर्यनमस्कार आहेत, आपल्या तालमींनी जपलेले जोर-बैठका आहेत. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यात प्रथमच धावलेली मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके आठवड्याभरात मिळवली. तरुणपणी तो ज्लीनच्या बाटा कारखान्यात कामगार होता, पुढे सैन्यात गेला. जड लष्करी बूट घालून बर्फात धावणे हा त्याच्या सरावाचा भाग होता. न्हाणीच्या टबात धुवायचे कपडे टाकून त्यांवर तो जागच्या जागी धावत असे, अशीही आठवण सांगतात. धुणे होई आणि धावणेही.

प्रपंचाशी करार

पावसाचे एक बरे असते. तो निदान नक्षत्रे पाळतो. प्रपंचाच्या अडचणींना पंचांग नाही. तरी त्यांतल्या निम्म्या तरी आपल्याला आधी माहीत असतात, पण आपण त्या तक्त्यात लिहीत नाही. गणपती, दसरा, दिवाळी, घरातले लग्न, सहामाही परीक्षा या काही अचानक कोसळणाऱ्या आपत्ती नव्हेत. दुसऱ्या वर्षी मी तक्ता भरण्याआधी शेजारी कालनिर्णय घेऊन बसलो. सप्टेंबरच्या मध्यापासून मोजता दसरा पाचव्या आठवड्यात आणि दिवाळी आठव्यात येत होती. उतरणीचे आठवडे मी तेथेच टाकले. फराळाला हातभार लावता आला, पाहुण्यांत बसता आले, आणि पायांना हवी ती विश्रांतीही मिळाली. ज्या विश्रांतीची मला आदल्या वर्षी लाज वाटत होती ती आता नियोजनाचा भाग झाली.

परंतु त्या वर्षी तक्त्यात न मावणारी गोष्ट घरातच होती. आई अंथरुणाला खिळली होती. रात्री पत्नी तिच्याजवळ जागे. पहाटे साडेचार ते सहा हा वेळ माझा. तिला एकटे टाकून हिंडलग्याच्या किंवा जांबोटीच्या रस्त्याने दूर जाणे शक्य नव्हते. उशाशी एक पितळी घंटा ठेवली होती. ती ऐकू येईल एवढ्या टप्प्यात मी धावे. घराभोवतीच्या गल्लीची फेरी जेमतेम दोनशे पावलांची होती. शेजाऱ्यांना आधी तो वेडेपणा वाटला, मग कुत्र्यांनाही सवय झाली. घंटा वाजली की मी अर्ध्यावर आत जाई, आणि पुन्हा येणे झाले तर येई. रविवारी बहीण येऊन बसे. त्या दिवशी लांब धाव, टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीपासून बाहेरच्या रस्त्याला. वेळ काढावा लागतो असे आपण म्हणतो, पण गृहस्थाच्या घरात तो कोणाच्या तरी वेळातून निघत असतो. पत्नी आणि बहीण यांच्या वाट्याचा वेळ मी वापरत होतो, हे त्या तक्त्यावर कोठेच लिहिलेले नव्हते. घरातल्या माणसांशी बोलून, त्यांच्या सोयीचा तास विचारून सराव आखावा, असे मी तरुण माजी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगेन; नाहीतर आपला नेम दुसऱ्याला जाच होतो.

मार्गशीर्षाच्या आरंभी आई गेली. तेरा दिवस बूट कोपऱ्यात पडून होते. शर्यतीला चार आठवडे उरले होते आणि मी मनाने ती सोडून दिली होती. चौदाव्या दिवशी पहाटे साडेचारला नेहमीप्रमाणे जाग आली. घंटा नव्हती, कोणी बोलावणारे नव्हते. थोडा वेळ बसून राहिलो आणि मग बूट चढवले. सरांचे वाक्य मला त्या पहाटे आठवले, असे म्हणणे बरे दिसेल. खरे म्हणजे ते काही दिवसांनी आठवले. त्या दिवशी केवळ सवयीने बाहेर पडलो आणि त्याच दोनशे पावलांच्या फेरीत वीस मिनिटे धावलो. दम लागला, पण पाय ओळखीचे निघाले.

येथेही शरीराचे शास्त्र आपल्या बाजूचे आहे. दोन-चार दिवसांच्या खंडाने कमावलेले काही जात नाही. उलट ताजेपणा येतो. दहा-चौदा दिवसांनी क्षमता थोडी उतरू लागते, कारण रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. पण ते पुन्हा धावू लागताच लवकर भरून येते. महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने स्नायूंत जे बदल होतात ते त्याहून टिकाऊ असतात. शिवाय दिवस कमी केले तरी अधूनमधूनची जलद धाव सोडली नाही, तर आठवड्यात दोन-तीन वेळच्या धावण्यावरही कमाई काही आठवडे टिकते. म्हणून आठवड्याचा खंड पडल्यास तक्त्यातील आजच्या दिवसापासून, किंचित कमी अंतराने आरंभ करावा. दोन आठवड्यांचा पडल्यास एक आठवडा केवळ सहज धावावे आणि मग पुढे जावे. महिन्याचा पडल्यास शर्यत बदलावी. शर्यती पुन्हा येतात. ताप असताना मात्र कधीही धावू नये. ज्वराच्या काळातील श्रम हृदयाच्या स्नायूला बाधू शकतात. तेथे खंड पाडणे हाच नेम.

त्या जानेवारीत मी मुंबईला गेलो. आदल्या महिन्यातील खंड धरून माझ्या तक्त्यावर एकोणतीस चौकटी रिकाम्या होत्या. आदल्या वर्षी मी ज्या आठ चौकटींसाठी हाड मोडून घेतले त्याच्या तिपटीहून अधिक. खिशात खडीसाखर आणि खजूर होते. बत्तिसाव्या किलोमीटरला पाय जड झाले. चाललो, पुन्हा धावलो. पाच तास वीस मिनिटांनी शर्यत पुरी झाली. चौगुल्यांनी याहून अधिक अंतर जवळजवळ निम्म्या वेळात काटले होते, हे स्मरून मी फारसा फुशारलो नाही.

वारीचा धडा

शेवटी माझ्या मूळ विषयाकडे एकदा वळण्याची मुभा घेतो. पावसाशी आणि प्रपंचाशी करार करून लांबचा पल्ला गाठण्याची कला आपल्या समाजाला नवी नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वारकरी ते ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर चालतो. पेरणी साधली तर उरकून निघतो, नाही तर घरच्यांवर सोपवून निघतो. एका दिवसात फार चालत नाही. मजल ठरलेली, विसावा ठरलेला, काही ठिकाणी दोन मुक्काम ठरलेले. पाऊस आला तर डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन चालणे चालूच. आणि एखाद्या वर्षी घरात आजारपण निघाले व वारी चुकली, तर पुढच्या वर्षी तो दोन वाऱ्या करीत नाही. तो पुन्हा वाटेला लागतो, आणि दिंडीतील माणसे त्याला जागा करून देतात.

‘नेम’ हा शब्द ‘नियम’ यापासून आला. पण दोहोंच्या अर्थात लोकभाषेने अंतर पाडले आहे. नियम मोडतो. नेम चुकतो, आणि पुन्हा धरता येतो. ब्रेआल यांनी शब्दांच्या अर्थाचे जे शास्त्र मांडले त्यात अशा फरकांना मोठे मोल आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पन्नाशीच्या घरात आहेत. ‘पूर्वी मी धावत असे, मग खंड पडला’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वारंवार ऐकतो, आणि ते अशा सुरात म्हटले जाते की जणू त्या खंडानंतर पुढे काही उरलेच नाही. कोणाला खंड पडून आठवडा झाला असेल, कोणाला वीस वर्षे. वीस वर्षे झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून चालण्यापासून आरंभ करावा, एवढाच फरक.

परवा व्याख्यानाच्या तयारीसाठी शाळेत गेलो होतो. बाहेर पाऊस होता. व्हरांडा आता फरशीचा झाला आहे. खडूची रेघ त्यावर उमटत असेल की नाही, मला शंका आहे. पाच-सहा मुले तासाला जायचे सोडून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत होती. मी त्यांना रागावलो नाही.